मेंदूला शांत करणाऱ्या द्रव्याला ‘उत्तेजक’ ठरवू नका : वैद्यकीय परिभाषा समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
वैद्यकीय परिभाषा समिती

स. न. वि. वि.

प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारांसाठी आपण केलेल्या शब्दसूचीचा अंतिम मसुदा मंजूर झाला आहे. त्यात ‘न्यूरोस्टेरॉइड’ (चेतासंस्थेतच बनणारे स्टेरॉइड) आणि ‘न्यूरोअ‍ॅक्टिव्ह स्टेरॉइड’ (चेतासंस्थेवर परिणाम करणारे स्टेरॉइड) या दोन संज्ञांसमोर एकच मराठी शब्द आहे : ‘मेंदू-उत्तेजक संप्रेरक’. मसुदा हरकतींसाठी खुला असताना मी लेखी हरकत घेतली होती. सामान्य वाचकाला इतका बारकावा लागत नाही आणि दोन शब्दांपेक्षा एक शब्द लवकर रुळतो, अशा अर्थाचे त्रोटक उत्तर आले. आता ही सूची छपाईला जाणार आणि रुग्णांसाठीची माहितीपत्रके तिच्यावरून बेतली जाणार, असे कळते. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. समिती कोणत्या संस्थेची, हे मी मुद्दामच सांगत नाही. भांडण शब्दाशी आहे, माणसांशी नाही.

तीन घटकांचा हा शब्द. त्यातला ‘मेंदू’ अपुरा आहे, ‘उत्तेजक’ उलटा आहे आणि ‘संप्रेरक’ मूळ संज्ञेच्या जन्मालाच विरोध करणारा आहे. आणि जो घटक असायलाच हवा होता, तो ‘स्टेरॉइड’, तो आपण गाळला आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते सांगते. मी नर्सिंगच्या मुलींना औषधशास्त्र शिकवत निवृत्त झाले. गावाकडून आलेल्या, इंग्रजी पुस्तकासमोर गप्प बसणाऱ्या आणि तीच गोष्ट मराठीत सांगितली की चार प्रश्न विचारणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यामुळे मराठी परिभाषा हवी की नको, हा वाद माझ्याशी कुणी घालू नये. ती हवीच. दुसरा संबंध घरचा. माझी भाची न्यू जर्सीत राहते. बाळंतपणानंतर तिला नैराश्याने घेरले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तिला झुरानोलोन नावाचे औषध लिहून दिले. लेकीचे बाळंतपण करायला इथून गेलेल्या माझ्या बहिणीने फोनवर पहिला प्रश्न विचारला, “ताई, हिला स्टेरॉइड देतायत म्हणे. जिममधली पोरं घेतात तेच का गं?” तो प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देता आले. खरी पंचाईत पुढे झाली. कुठल्याशा मराठी मजकुरात तिने या औषधांचे वर्णन मेंदूला उत्तेजन देणारी असे वाचले होते. औषध घेतल्यावर मुलगी पेंगायला लागली, तेव्हा ते लागू पडत नाही, उलट अंगावर आले, असे तिने धरले आणि ते बंद करायचा आग्रह सुरू केला. पेंग येणे हा त्या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम आहे. वेष्टनातल्या कागदावर ते ठळक छापलेले असते, पण इंग्रजीत.

हे मी आपल्या सूचीच्या माथी मारत नाही. तेव्हा ती अस्तित्वातही नव्हती. पण तोच गोंधळ आता अधिकृत शब्द म्हणून छापला जातो आहे, हे गप्प राहून पाहवत नाही.

‘संप्रेरक’ का नको

‘संप्रेरक’ हा मराठीतला एक उत्तम घडलेला शब्द आहे, आधीच सांगते. १९०५ मध्ये लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी आपल्या व्याख्यानांत ‘हॉर्मोन’ हा शब्द पहिल्यांदा वापरला, तो ‘चेतवणे, चालना देणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. मराठीने प्रेरणेचा धागा धरला आणि मूळ अर्थ नेमका उचलला. शाळेच्या पुस्तकांतून तो घराघरांत गेला. पण स्टार्लिंग यांच्या त्या शब्दाला एक अट होती : द्रव्य एका अवयवात तयार व्हायचे, रक्तातून वाहत जायचे आणि दुसऱ्या अवयवावर काम करायचे.

‘न्यूरोस्टेरॉइड’ हा शब्द जन्मला तो नेमकी ही अट मोडली म्हणून. पॅरिसच्या दक्षिणेला बिसेत्रच्या रुग्णालयात एत्येन-एमिल बोलियू यांचा गट काम करत होता. (गर्भपाताची आरयू-४८६ ही गोळी ज्यांच्या नावाशी जोडली गेली, तेच हे बोलियू. २०२५ मध्ये, ९८ व्या वर्षी ते गेले.) १९८१ मध्ये या गटाने उंदरांच्या मेंदूतल्या डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन सल्फेट या स्टेरॉइडची मोजणी प्रसिद्ध केली. मेंदूत ते रक्तापेक्षा जास्त होते. तेवढ्यावर कुणी म्हणाले असते की मेंदू ते रक्तातून ओढून साठवत असेल. म्हणून त्यांनी उंदरांच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि वृषणे काढून टाकली. स्टेरॉइड तयार करणारे ठाऊक असलेले कारखानेच बंद. तरीही मेंदूतले प्रमाण टिकून राहिले. मग ते येते कुठून? उत्तर एकच उरत होते : मेंदू ते स्वतः बनवत असला पाहिजे.

या निष्कर्षासाठी जुना शब्द चालेना, म्हणून बोलियूंनी नवा केला. ‘न्यूरो’ हा उपसर्ग त्यांनी द्रव्याचा पत्ता म्हणून लावला, त्याचे काम सांगायला नव्हे. ग्रंथींच्या पुरवठ्यावर विसंबून न राहता चेतासंस्थेत जे बनते किंवा साठून राहते, ते न्यूरोस्टेरॉइड. पुढे कोलेस्टेरॉलपासून प्रेग्नेनोलोन हे स्टेरॉइड बनवणारी विकरे (एन्झाइमे) चेतासंस्थेतल्या पेशींतच सापडली आणि तो तर्क पक्का झाला.

आता या शब्दाच्या जागी ‘संप्रेरक’ लिहिणे म्हणजे ज्या शोधासाठी तो शब्द घडवला, तोच शोध पुसून टाकणे. परीक्षेत एखाद्या मुलीने असे लिहिले असते तर मी गुण कापले असते.

‘उत्तेजक’ हा सर्वांत घातक भाग

इथे मी जरा थांबणार आहे, कारण माझी मुख्य तक्रार हीच आहे.

‘अ‍ॅक्टिव्ह’चे ‘उत्तेजक’ कसे झाले असेल, याचा अंदाज करता येतो. चेतासंस्थेवर ‘क्रियाशील’, म्हणून तिला ‘क्रियाशील करणारे’, म्हणून ‘उत्तेजक’. पायरी पायरीने अर्थ घसरत गेला. पण या द्रव्यांच्या कथेची सुरुवातच झोपेपासून होते. १९४१ मध्ये माँट्रियलला हान्स सेल्ये यांनी उंदरांच्या पोटाच्या पोकळीत प्रोजेस्टेरोन या स्त्री-संप्रेरकासारखी स्टेरॉइडे टोचली आणि उंदीर बेशुद्ध पडले. ‘स्ट्रेस’ या शब्दाला आजचा वैद्यकीय अर्थ ज्यांनी दिला, तेच सेल्ये. ज्या माणसामुळे आपण सगळे ताणाबद्दल बोलायला शिकलो, त्यानेच स्टेरॉइड गुंगी आणते हे दाखवले, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

ही गुंगी मग शस्त्रक्रियागृहात आणली गेली. १९५० च्या दशकात हायड्रॉक्सीडायोन नावाचे स्टेरॉइड भूल देण्यासाठी वापरले गेले. ते शिरांना सूज आणायचे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये अल्थेसिन आले. त्यातल्या अल्फाक्सालोनने रुग्णाला झटकन भूल चढत असे. अखेर १९८४ मध्ये ते माणसांसाठी बंद झाले, पण त्याला कारण स्टेरॉइड नव्हते. ते ज्या एरंडेलापासून केलेल्या द्रावकात विरघळवत, त्या द्रावकाची काही रुग्णांना तीव्र अ‍ॅलर्जी येत होती. द्रावक बदलून अल्फाक्सालोन आजही कुत्र्या-मांजरांना भूल देताना वापरले जाते. आपल्या सूचीप्रमाणे पशुवैद्य मांजराला ‘मेंदू-उत्तेजक संप्रेरक’ टोचतो आणि मांजर आडवे होते.

हे होते कसे, ते १९८० च्या दशकात उलगडले. मेंदूत गाबा नावाचे रसायन चेतापेशींना आवर घालते; गाडीच्या ब्रेकसारखे. १९८६ मध्ये मायेव्स्का, हॅरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की प्रोजेस्टेरोनसारख्या संप्रेरकांपासून शरीरात बनणारी काही स्टेरॉइडे गाबाच्या ग्राहीला (चेतापेशीवरच्या गाबा स्वीकारणाऱ्या जागेला) जाऊन चिकटतात आणि हा ब्रेक अधिक घट्ट लावतात, जवळजवळ बार्बिच्युरेट या झोपेच्या जुन्या औषधांसारखा. प्रोजेस्टेरोनपासून बनणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हे त्यांतले सर्वांत गाजलेले. गरोदरपणात ते वाढत जाते आणि बाळंत होताच झपाट्याने घसरते. प्रत्येक बाईला त्या घसरणीने नैराश्य येत नाही. पण ज्यांना येते, त्यांच्या उपचाराची नवी वाट या निरीक्षणातून निघाली.

त्या वाटेवरचे पहिले औषध ब्रेक्सानोलोन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०१९ मध्ये ते मंजूर केले. शिरेतून सलग ६० तास द्यावे लागे; २०२४ अखेर त्याची विक्री थांबली. अतिगुंगी येऊ शकते, रुग्णाची शुद्ध अचानक हरपू शकते, हा इशारा त्यावर चौकटीत छापलेला. ठिबक चालू असताना बाळ जवळ असेल तर आईसोबत दुसरे कुणीतरी असलेच पाहिजे, अशी अट. दुसरे झुरानोलोन, ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेले, तोंडाने घ्यायचे : १४ दिवस, रोज संध्याकाळी, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणासोबत. त्यावरचा चौकटीतला इशारा असा की प्रत्येक मात्रेनंतर किमान १२ तास गाडी चालवू नये, कारण आपण गाडी चालवायच्या स्थितीत नाही हे रुग्णाला स्वतःला कळेलच असे नाही.

आता एखादी मराठी आई हे वाचते आहे असे धरा. शीर्षकात ‘मेंदू-उत्तेजक’ आणि आत ‘गुंगी येईल, गाडी चालवू नका’. ती काय समजणार? शीर्षक खरे धरले तर इशारा मागे पडतो, इशारा खरा धरला तर औषध बिघडल्यासारखे वाटते. माझ्या बहिणीने दुसरे धरले. पहिले धरणारी कुणी सकाळी गाडीची किल्ली उचलेल.

शिवाय ‘उत्तेजक’ या शब्दाला मराठी वर्तमानपत्रांनी आधीच एक जागा दिलेली आहे. उत्तेजक द्रव्य चाचणी, उत्तेजक सेवनात दोषी, खेळाडूवर बंदी. क्रीडा पानावर हा शब्द रोजचा आहे, आणि तिथे त्याच्या शेजारी ‘स्टेरॉइड’ हमखास असते. आपण बाळंतिणीच्या औषधावर नेमकी तीच पाटी लावता आहात.

मग ‘शामक’ म्हणावे का? तेही नको. या गटातली सगळी द्रव्ये शांत करणारी नाहीत. प्रेग्नेनोलोन सल्फेट गाबाच्या ब्रेकला अडवते आणि दुसऱ्या एका ग्राहीमार्फत चेतापेशींना खरोखरच उद्दीपित करते. बोलियूंच्या गटाने १९८१ मध्ये मोजले ते सल्फेटही गाबाच्या विरोधात जाणारे. एकाच कुटुंबात झोपवणारे आणि जागवणारे दोन्ही असतील, तर कुटुंबाचे नाव कुणा एकाच्या स्वभावावरून ठेवता येत नाही. म्हणूनच स्टीव्हन पॉल आणि रॉबर्ट पर्डी यांनी १९९२ मध्ये ‘न्यूरोअ‍ॅक्टिव्ह स्टेरॉइड्स’ या शीर्षकाचा लेख लिहिला तेव्हा ‘अ‍ॅक्टिव्ह’ हा सावध शब्द निवडला. काहीतरी परिणाम होतो एवढेच तो सांगतो, कोणता ते सांगत नाही. ही सावधगिरी मराठीत टिकली पाहिजे.

‘मेंदू’ का अपुरा

हा मुद्दा लहान आहे. ‘न्यूरो’ म्हणजे फक्त मेंदू नव्हे. १९९५ मध्ये बोलियूंच्याच गटाने दाखवले की हातापायांतल्या नसांभोवती वेटोळे घालून बसणाऱ्या ‘श्वान’ (Schwann) पेशी प्रोजेस्टेरोन बनवतात आणि नसेवरचे मायलिनचे आवरण पुन्हा घडवायला ते मदत करते. हे मेंदूत घडत नाही, तरी ते न्यूरोस्टेरॉइडच.

मग कोणता उपसर्ग? मराठीची इथे अडचण आहे, हे मान्य. डॉक्टर बोलताना ‘मज्जासंस्था’ म्हणतात, विश्वकोशात ‘तंत्रिका तंत्र’ आहे, शाळेच्या पुस्तकात ‘चेतासंस्था’. ‘मज्जा’ घेतली तर हाडातल्या मज्जेशी गल्लत होते. आपल्यापैकी एका सदस्यांनी सुचवलेला ‘स्नायविक स्टेरॉइड’ हा पर्याय मसुद्याच्या टिपांत दिसतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो सुंदर आहे. ग्रीक ‘न्यूरॉन’चा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी, आणि संस्कृत ‘स्नावन्’, ‘स्नायु’ ही त्याच घराण्यातली भावंडे. बंगालीत आणि हिंदीतही बऱ्याच ठिकाणी ‘स्नायु’ म्हणजे नस. पण मराठीत स्नायू म्हणजे दंड काढून दाखवायचा तो. ‘स्नायविक स्टेरॉइड’ वाचून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर व्यायामशाळाच येणार. व्युत्पत्ती बरोबर असूनही शब्द चुकीचा ठरू शकतो, याचे इतके चपखल उदाहरण मला शिकवताना कधी मिळाले नाही.

‘चेता’ हा उपसर्ग दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाने ऐकलेला आहे. तोच घ्यावा.

‘स्टेरॉइड’ का गाळले?

लोक या शब्दाला घाबरतात म्हणून तो टाळला, असे टिपेत आहे. घाबरतात, हे खरेच. डॉक्टरला न विचारता लावलेल्या गोरेपणाच्या मलमांनी खराब झालेले चेहरे लोकांनी पाहिले आहेत. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीच्या बातम्यांत मधुमेहाबरोबर स्टेरॉइडचे नाव रोज येत होते. दम्याचा पंप ‘त्यात स्टेरॉइड आहे’ म्हणून कपाटात ठेवून देणारे लोक प्रत्येकाच्या ओळखीत असतात.

पण भीतीवर उपाय शब्द लपवणे नव्हे. औषधाच्या वेष्टनातल्या कागदावर हा शब्द आहेच. डॉक्टर तो उच्चारणार, मुलगी तो नेटवर शोधणार. आपल्या पत्रकात तो नसेल तर वाचणाऱ्याला वाटेल, काहीतरी दडवले.

शिवाय या शब्दात घाबरण्यासारखे काही नाही. १९३६ मध्ये कॅलो आणि यंग या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी तो सुचवला, तेव्हा स्टेरॉले, पित्ताम्ले, हृदयावर परिणाम करणारी वनस्पतींतली विषे आणि लैंगिक संप्रेरके या सगळ्यांना एका छत्राखाली आणणारे नाव त्यांना हवे होते. या सर्वांत समान काय? चार कड्यांचा सांगाडा : तीन कडी सहा-सहा कार्बनची, एक पाच कार्बनचे. बस्स. ‘स्टेरॉइड’ म्हणजे स्टेरॉलच्या रूपाचे. आणि ‘स्टेरॉल’ आले कोलेस्टेरॉलमधून, ज्याचे मूळ नाव ‘कोलेस्टेरीन’ मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने पित्ताशयातल्या खड्यांतल्या पदार्थाला दिले होते : ग्रीकमध्ये पित्त अधिक घन. शेव्ह्रल १०२ वर्षे जगले, आणि कोलेस्टेरॉलचे नाव ठेवणाऱ्याला एवढे आयुष्य लाभावे, हे माझ्या वर्गात दर वर्षी हशा पिकवायचे.

तेव्हा ‘स्टेरॉइड’ हे रेणूच्या आकाराचे नाव आहे, गुणावगुणाचे नाही. कुटुंबनियोजनाची गोळी त्यात येते, दम्याचा पंप येतो, व्यायामशाळेतले चोरटे इंजेक्शनही येते. हे एकदा दोन वाक्यांत सांगितले तर माझ्या बहिणीला कळते. ती बारावी झालेली आहे आणि तिला कळले.

आणखी एक. रासायनिक संयुगांची आंतरराष्ट्रीय नावे भाषांतर न करता लिप्यंतराने घ्यावीत, हे केंद्राच्या वैज्ञानिक तथा तकनीकी शब्दावली आयोगाचेच जुने तत्त्व आहे. आपण ऑक्सिजनला ‘प्राणवायू’ म्हणतो ते वेगळे, त्यामागे पिढ्यांचा वापर आहे. स्टेरॉइडला मराठी नाव शोधायची गरज कुणालाच भासलेली नाही.

दोन संज्ञा, एक शब्द

आपले उत्तर होते की एक शब्द पुरतो. का पुरत नाही, ते या औषधांवरूनच दिसते. अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूत बनते आणि मेंदूवर काम करते : ते न्यूरोस्टेरॉइड आहे आणि न्यूरोअ‍ॅक्टिव्हही. ब्रेक्सानोलोन हा तोच रेणू, फक्त बाटलीत. झुरानोलोन मात्र प्रयोगशाळेत घडवलेला रेणू आहे. कुठल्याही मेंदूने तो कधी बनवला नाही. त्याला न्यूरोअ‍ॅक्टिव्ह म्हणता येते, बोलियूंच्या अर्थाने न्यूरोस्टेरॉइड म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या अधिकृत औषधपत्रांतही या औषधांसाठी ‘न्यूरोअ‍ॅक्टिव्ह स्टेरॉइड’ हाच शब्द आहे. इंग्रजीत लिहिणारे शास्त्रज्ञ कधी कधी दोन्ही शब्द सैलपणे वापरतात, हे मलाही माहीत आहे. पण सैल वापर कोशात नोंदवायचा असेल तर तो दुसऱ्या क्रमांकाचा अर्थ म्हणून नोंदवतात. कोशकाराने स्वतः सैल व्हायचे नसते.

आणि रुग्णाच्या बाजूने पाहा. ‘हे तुमच्या शरीरातच बनणारे द्रव्य आहे’ हे वाक्य एका औषधाबद्दल खरे आहे, दुसऱ्याबद्दल नाही. आईला हे विचारायचा हक्क आहे आणि नर्सला उत्तर देता आले पाहिजे. सूचीत एकच शब्द असेल तर नर्सकडे उत्तर देण्याचे साधनच नाही. सामान्य वाचकाला बारकावा नको असतो, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. म्हणणारे बहुधा असे असतात की ज्यांना तो बारकावा इंग्रजीत फुकट मिळालेला असतो.

माझ्या मागण्या

एक, ‘मेंदू-उत्तेजक संप्रेरक’ ही नोंद सूचीतून पूर्णपणे काढावी. पर्यायी शब्द म्हणून कंसातही ठेवू नये.

दोन, दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात. ‘न्यूरोस्टेरॉइड’साठी माझी सूचना ‘चेतानिर्मित स्टेरॉइड’ आणि ‘न्यूरोअ‍ॅक्टिव्ह स्टेरॉइड’साठी ‘चेताप्रभावी स्टेरॉइड’. पहिला द्रव्य कुठे बनते ते सांगतो, दुसरा ते कुठे परिणाम करते ते. यांहून चांगले शब्द कुणाला सुचले तर मी आनंदाने माझे मागे घेईन, पण दोन शब्द हवेत आणि दोहोंत ‘स्टेरॉइड’ हवे. अगदीच जमत नसेल तर दोन्ही मूळ संज्ञा देवनागरीत जशाच्या तशा छापा. उसना शब्द चालेल, खोटा नको.

तीन, प्रत्येक नव्या नोंदीखाली एक ओळ द्यावी : मूळ संज्ञा कुणी, केव्हा, कशासाठी केली. ‘बोलियू, १९८१, चेतासंस्थेत बनणाऱ्या स्टेरॉइडांसाठी’ एवढे आपल्या टेबलावर असते तर ‘संप्रेरक’ हा शब्द कुणी सुचवलाच नसता.

चार, रुग्णांच्या माहितीपत्रकांत शास्त्रीय नाव खाली आणि परिणाम वर असावा. ‘या औषधाने गुंगी येते. औषध घेतल्यावर १२ तास वाहन चालवू नये. बाळ सांभाळायला सोबत कुणीतरी असू द्या.’ हे मोठ्या अक्षरांत आधी, मग ‘चेताप्रभावी स्टेरॉइड’. माझ्या बहिणीला हवे होते ते हेच.

पाच, सूची मंजूर करण्याआधी ती वापरणाऱ्यांना वाचायला द्यावी. प्रसूतिगृहातल्या नर्स, आशा सेविका, परदेशातल्या रुग्णालयांत मराठी कुटुंबांसाठी दुभाषाचे काम करणारे लोक. समितीत डॉक्टर आहेत, भाषातज्ज्ञ आहेत, हे चांगलेच आहे. पण आजीच्या शेजारी बसून तिला कागद समजावून सांगावा लागणारे त्यांत कुणी नाही. माझ्या विद्यार्थिनींपैकी आता वॉर्ड सांभाळणाऱ्या कितीतरी जणी हे काम आनंदाने करतील. नावे हवी असतील तर त्यांना विचारून मी पाठवीन.

सहा, आलेल्या हरकती आणि त्यांवरची आपली कारणे जाहीर करावीत. माझी हरकत फेटाळायला माझी हरकत नाही. मात्र ती का फेटाळली, हे प्रत्येक वाचणाऱ्याला दिसले पाहिजे.

सूची छापखान्यात जाण्याआधी या सहा मुद्द्यांवर लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. उत्तर आले तर ते या पत्राइतक्याच ठळकपणे मी प्रसिद्ध करीन, ते माझ्या विरोधात असले तरी. बैठकीला बोलावले तर संदर्भ घेऊन येईन. प्रवासखर्च माझा मी करीन.

कळावे,

आपली,
औषधशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
सांगली